खुर्ची दोन हात मागे

सतरा दिवस आम्ही त्या हिमकड्यासमोर बसून होतो,
त्यातले नऊ तर नुसतं धुकं.
प्रेबेन रोज सकाळी वहीत एक शब्द लिहायचा
आणि रात्री झोपण्यापूर्वी खोडायचा.
कोणता, विचारलं, तर म्हणाला, उदात्त.
संग्रहालयांत दोनदा सापडलाय मला,
एकदा समुद्राच्या चित्रात, एकदा नुसत्या काळ्या रंगात,
आणि दोन्ही वेळा
बाहेर आल्यावर कोट घेईपर्यंत हरवला.

नावाडी इनूराक कॉफीत बिस्किट विरघळेपर्यंत धरून ठेवायचा.
प्रेबेन त्याला सांगत होता:
भय हवं, पण आपल्यापर्यंत न पोचणारं.
वादळ हवं, आणि आपण काचेच्या आत.
जीव मुठीत धरायचा,
पण मूठ खिशात, उबेत.
सगळं काही त्या अंतरात आहे, बघ.

इनूराकने विचार केला. मग म्हणाला,
किती अंतर?

प्रेबेनला वाटलं, काय खोल प्रश्न आहे.
त्याने तो वहीत उतरवूनही घेतला.
इनूराक विचारत होता
होडी कुठे बांधू.

मी ध्वनीवाला. माझं या गोष्टीत काम कानापुरतं.
पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनमधून
बर्फात कोंडलेली जुनी हवा सुटताना ऐकू यायची,
गरम तेलात मोहरी पडावी तशी, तासन्‌तास.
कुणाच्याही जन्माआधीची हवा, आणि आवाज फोडणीचा.
मला तेवढ्यानेही चाललं असतं.

अठराव्या दिवशी दुपारी
सिड्सेल बॅटरी बदलत होती,
हातमोजा दातांत, बोटं निळी,
आणि कडा सुटला.

आधी काहीच ऐकू आलं नाही.
सुई हलली, कान रिकामे.
बरगड्यांना कळलं, मग गुडघ्यांना.
उदात्त म्हणजे जुन्या पठणात वर चढवून म्हटलेला स्वर;
हा खाली होता, अनुदात्ताच्याही खाली,
जिथे कुणी पठण करत नाही,
जिथे बहुधा नुसतं वजन असतं.
मग तो वर येत गेला
आणि मी हेडफोन काढून फेकले,
जे एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं.

लाट आली. किटली गेली, तंबू गेला,
प्रेबेनची वही गेली, शब्द खोडायचा राहिला होता तरी.
होडी सुळक्यापलीकडच्या खाचेत होती. ती राहिली.
प्रेबेन ओल्या दगडावर बसून रडला,
बर्फासाठी की हुकलेल्या शॉटसाठी,
मी विचारलं नाही. त्यालाही माहीत नसावं.

हिवाळ्यात गावाच्या सभागृहात दाखवलं आम्ही ते:
पडदा काळा, अकरा मिनिटं,
आणि माझा आवाज, जेवढा त्या स्पीकरांना पेलला तेवढा.
प्रेबेन दाराशी उभा, पळायच्या तयारीत.
भिंतीशी बूट सुकत होते, सुक्या माशाचा वास,
एक बाळ कुरकुरलं आणि मग
कुरकुरायचं थांबलं.

पहिल्या रांगेत नायाराक बसली होती,
कोळंबीच्या कारखान्यात चाळीस वर्षं सोलून
बोटं वाकलेली.
चौथ्या मिनिटाला ती उठली.
वाटलं, कंटाळली, निघाली.
तिने खुर्ची उचलली,
दोन हात मागे ठेवली
आणि पडद्यावरची नजर न हलवता पुन्हा बसली.

तिच्या मागचा माणूस मागे सरला.
त्याच्या मागची दोन पोरं.
मग एकेक रांग, कुणी काही न बोलता,
अंधारात लाकडावर खुर्च्यांचे पाय
खरडत, खरडत गेले भिंतीपर्यंत,

आणि माझं यंत्र
हॉटेलवर, पेटीत, कुलूप लावून.