उतार

रात्री साडेदहाला, भांडी घासून झाल्यावर,
मी घर बांधायला बसते.
लॅपटॉप उद्यमनगरातल्या ऑफिसातनं मोडीत निघालेला,
एक बिजागरी सुटलीय,
मागं पाट्याचा वरवंटा लावला की उभा राहतो.

आधी जागा घ्यायची.
सात-बारा नाही, वाटणीला भाऊबंद नाहीत.
बोटानं ओढलं की भिंत येते,
भिंतीबरोबर गिलावा, गिलाव्याबरोबर रंग,
आणि मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन
जोतिबाला जाऊन बसत नाही.
पैसे संपले तर एक शब्द टाइप करायचा,
पन्नास हजार जमा.
आई अंथरुणातनं म्हणते, मलाबी सांग की तो शब्द.

छप्पर उचलून बाजूला ठेवता येतं.
खाली माणसं जेवत असतात.
वर बघत नाहीत.

आण्णा मागं येऊन उभे राहतात.
पस्तीस वर्षं फरशी बसवली त्यांनी.
डावा गुडघा रुईकर कॉलनीत गेला,
उजवा नागाळा पार्कात, एकाच बंगल्यात, तीन मजले.
सुतारवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
शहाबादीच आहे अजून.

"ह्ये काय बांधलंयस?"
न्हाणी, आण्णा.
"उतार कुठाय?"
ह्यात उतार नसतो.
"मग पाणी कुठं जाणार गं?"
पाणी दिसतं नुसतं. जात नाही कुठं.
ते वाकून बघतात, चष्मा कपाळावर.
"आणि कट पीस?"
कट पीस पडतच नाही. सगळी फरशी अख्खी बसते.
ह्यावर मात्र ते गप्प झाले.
कट पीस दाराआड कसा लपवायचा
ह्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

मग रोज यायला लागले, खुर्ची घेऊन.
खिडकी सरकव. जिना तिथं नको, डोकं आपटंल.
ओटा दोन बोटं खाली घे, तुझी आई बुटकी.
ओट्याची उंची बदलत नाही म्हटलं
तर म्हणाले, कंपनीला कळव.

एकदा मी त्यांनाच केलं.
मिशी जमली. पांढरी टोपी मिळेना,
क्रिकेटची घातली.
गुडघे नवे.
धडाधडा जिना चढला तो माणूस, दोनदा, उगीचच,
आणि वरच्या खोलीत जाऊन हात हलवत उभा राहिला,
रागावून, माझ्याकडं तोंड करून.
मी चुकून खोलीचं दारच काढलं होतं.
आण्णांना हसू आवरेना.
"बाहेर यायला वाट दे की त्येला!"

ऑगस्टात जयंती नाला मागं फिरला.
महापालिकेचा भोंगा आला, नेहमीसारखा आधी आमच्याकडं.
लॅपटॉप पोटाशी धरला, वरवंटा राहिला.
मठाच्या हॉलमध्ये खडूनं चौकोन आखलेले,
घरटी एक. आमचा एकोणीस नंबर.
बाजूला शकिलाभाभींचा वीस,
मधली भिंत पुसली गेली तशी
त्यांच्या पोरानं पुन्हा आखली, दार सोडून.

पाणी भरायला मी वर गॅलरीत गेले
आणि कठड्यावरनं खाली बघितलं.
भिंती नाहीत, छप्पर नाही,
चौकोनाचौकोनात ताटं.
कुणी वर बघत नव्हतं.
मी कळशी तशीच धरून उभी राहिले,
हात कठड्यावर गेला होता,
काहीतरी उचलून दुसरीकडं ठेवावं तसा.

खाली आले तर आण्णा ओणवे, नको त्या गुडघ्यांवर.
तांब्यातलं घोटभर पाणी
त्यांनी एकोणीस नंबरच्या मधोमध ओतलं
आणि गाल जमिनीला टेकवून बघत राहिले.
पाणी थांबलं जरा. मग निघालं, वीसकडं.

"उशा भिंतीकडं घ्या," ते म्हणाले.
"भाभी, तुमीबी."
आणि तांब्यात उरलेलं पिऊन टाकलं.