विरजण

नोंदवहीत सात वर्षं एकच शब्द आहे: नाही.
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
जेलियान गळ्यात दुर्बीण अडकवून
दोनशे बारा झाडांखालून जातो,
मान दुखेस्तोवर वर बघतो
आणि 'फुलं' या रकान्यात लिहितो, नाही.
सारावाकच्या दमट हवेत वहीची पानं फुगलीत,
अक्षर मात्र ठसठशीत.
कंटाळलेल्या माणसाचं अक्षर असं नसतं.

एंकाबांगचं झाड कुणाच्या सवडीनं फुलत नाही.
कधी चार वर्षांनी, कधी सात,
पण फुललं की एकटं फुलत नाही,
डोंगर सगळा उठतो.
डुकरं खातात, खारी खातात, भुंगेरे आतून पोखरतात,
खाऊन खाऊन त्यांचे जबडे दुखतात
आणि तरी जे उरतं
त्याला आपण पुढे जंगल म्हणतो.

गेल्या जानेवारीत बिया पडल्या.
तीन पंख लांब, दोन आखूड,
गरगरत, वाकड्यातिकड्या, नदीतसुद्धा.
आम्ही पोती घेऊन धावलो. धावावंच लागतं.
मूग थांबतो, गहू थांबतो,
डब्यात झाकण लावून वर्षभर गप्प बसतो.
ही बी थांबत नाही.
सुकवली तर मरते, गारठवली तर मरते,
पंधरवड्याच्या आत उगवायचं किंवा संपायचं.

तीन हजार पिशव्या.
वाफेनं शुद्ध केलेली वाळू,
मोजून खत, मोजून सावली.
तिसऱ्या महिन्यात रोपं पिवळी पडली.
डॉक्टर हेंग कुचिंगहून आले,
नत्र वाढवलं, जाळी बदलली, कपाळाला हात लावला.
रिनाई त्या बैठकीत नव्हती.
ती रोजंदारीवर, पिशव्या उचलणारी.

एका संध्याकाळी मी तिला चौथ्या रांगेत पकडलं.
पाठीवर वेताची टोपली, टोपलीत काळी माती,
आणि ती प्रत्येक पिशवीत थोडी थोडी घालत होती,
भाजीत मीठ घालावं तशी, न बघता.
"प्रयोग बिघडवलास," मी म्हणालो.
"सत्तेचाळीस नंबरच्या झाडाखालची आहे," ती म्हणाली.
"किती घातलीस?"
तिनं तीन बोटं जुळवून दाखवली.
आता हे ग्रॅममध्ये कसं लिहायचं?

सहा आठवड्यांत चौथी रांग हिरवी.
बाकी रांगा तिच्याकडे बघत उभ्या.
सूक्ष्मदर्शकाखाली मुळांच्या टोकांना
पांढऱ्या धाग्यांचे मोजे चढलेले,
बुरशी, जिच्यावाचून या झाडाला
जमिनीतलं अन्न नीट उचलता येत नाही.
हे पुस्तकात होतं.
मी वाचलं होतं. परीक्षेत त्यावर दहापैकी नऊ मिळवले होते.

अहवालात जो शब्द घातला तो लांबलचक होता.
माझ्या भाषेतला छोटा होता, विरजण,
तो तिथे बसेना.
रिनाईला सांगायला गेलो
तर तिच्या घरी दूध कुणी पीत नाही,
दही तिनं पाहिलेलं नाही.
मी हातवारे केले: चमचाभर जुनं, भांडंभर नवं,
रात्रभर हलवायचं नाही.
ती हसली. "रागी," म्हणाली.
भाताच्या दारूला लावतात ती गोळी,
सासूनं दिलेली, सासूला तिच्या आईनं.

आता पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, वीस ग्रॅम
अशा रांगा लावल्यात, रीतसर.
माती मात्र सत्तेचाळीसकडूनच आणावी लागते,
तोडलेल्या उतारावर ते एकटंच उरलंय,
शेजारणीकडे वाटी घेऊन जावं
तसं आम्ही जातो, थोडं ओशाळून.

जेलियाननं नव्या रोपांना नंबर दिले.
दोनशे तेरा, दोनशे चौदा, पुढे पुढे.
ढोपराएवढी आहेत ती. दुर्बीण लागत नाही.
तरी सोमवारी तो त्यांच्यापुढे वाकतो,
नीट बघतो,
आणि रकान्यात लिहितो, नाही.