बारा किलो राजमा

मुलीने वाढदिवसाला जिमचं कार्ड दिलं.
एकदा गेले.
चहूकडे आरसे, जिकडे बघावं तिकडे मीच,
बावन्न वर्षांची, भुवईत अजून मैदा,
आणि एक सरकता पट्टा, ज्यावर माणसं
घाईघाईने कुठेच जात नव्हती.
रात्रभर पावाच्या कारखान्यात मी हेच करते.
तिथे निदान पगार मिळतो.

म्हणून आता घरीच.
तिबिलिसीच्या टोकाला ग्ल्दानी, नववा मजला.
लिफ्ट वर न्यायचे दहा तेत्री मागते,
ते मी तिला आता देत नाही.
पलंग आणि कपाट यांच्यामध्ये
एक माणूस हात न पसरता पडू शकेल
एवढं मैदान.

दिराची लष्करातली पाठपिशवी,
तिच्यात गावाहून आलेला राजमा, बारा किलो,
दोन-दोन किलोच्या सहा पुरचुंड्या,
बाहेरून जुना अभ्रा, कारण दाणे पाठीला टोचतात.
ती चढवून बैठका.
पहिल्या दिवशी चार.
पाचवीला खाली गेले ती खालीच राहिले.
कपाटाखाली हरवलेला मोजा मात्र सापडला.

आणि तेवढ्यात जमिनीतून ठकठक.
खालच्या मजल्यावरचा ग्रामितोन,
जन्मभर रेल्वेचे डबे जोडले त्याने,
आता झाडूच्या दांड्याने छत बडवतो.
मी मांजराच्या पावलांनी वावरायला लागले,
खाली घोंगडी अंथरली,
जोर काढताना धापसुद्धा उशीत टाकली.
तरी ठकठक. रोज.
मी कामावरून येऊन बूट काढले की
दहा मिनिटांत सुरू.

जानेवारीत न सांगता पाहुणे आले.
घरात दुसरं काही नव्हतं.
पिशवीतले दोन किलो काढले,
कोथिंबीर, अक्रोड घालून लोबिओ शिजवला.
लोक बोटं चाटत गेले,
आणि सकाळी पाठीवर दहाच किलो.
स्वतःलाच मापात मारल्यासारखं वाटलं,
म्हणून बैठका वाढवल्या. हिशोब तो हिशोब.
मग पगार लांबला: आणखी दोन.
मग मुलगी आली, कार्डावरून भांडली, जेवली,
डबा भरून घेऊन गेली: आणखी दोन.
मार्चपर्यंत निम्मी पिशवी पोटात गेली होती.
कुणी विचारलं, वजन गेलं कुठे,
तर मी शड्डू ठोकून दाखवणार होते.
कुणी विचारलं नाही.

एका सकाळी अठराव्या बैठकीला
उगाचच थांबले. दुखत नव्हतं काही.
खिडकीबाहेर दोऱ्यांवर
कुणाच्या तरी चादरी गोठल्या होत्या, त्या बघत बसले.
खालून: ठक.
मग बराच वेळ काही नाही.
मग, चिडल्यासारखी, आणखी एक: ठक.

मी खाली गेले, भांडायच्याच तयारीने.
दार उघडंच होतं.
तो खुर्चीत, घामाने डबडबलेला,
उजव्या मुठीत झाडू, सूतळीने बांधलेला.
सप्टेंबरात अंगावरून वारं गेलं त्याच्या.
डॉक्टर म्हणाली, हात उचलत राहा,
छताला लागला तरच एक धरा.
डोक्यावर चुना उडून खळगा पडलेला,
त्याच्या केसांत तोच चुना.
"एकट्याने मोजायचा कंटाळा येतो," म्हणाला,
"तुझी फळी करकरली की मी उचलतो.
आज अठरालाच का सोडलंस?
माझे दोन राहिले होते."

मला काही सुचेना.
वर जाऊन एक पुरचुंडी आणली,
झाडूच्या टोकाला गाठ मारायला लागले.
त्याने ती डाव्या हाताने तोलून पाहिली,
डबे जोडणाऱ्याचा हात, चुकत नाही.

"एवढं नको," म्हणाला.
"अर्धं बांध.
अर्धं भिजत घाल."