दलदलीची खूण

खांडवेकरमामांनी मरताना मला काहीच दिलं नाही,
नकाशा आधीच देऊन झाला होता.
खजुरी बाजारात रद्दीच्या भावाने मिळालेला,
कापडावर चिकटवलेला, सोळा घड्यांचा;
पार उत्तरेकडचा कुठलासा मुलूख,
लिपी आम्हा दोघांनाही न येणारी.

मे महिन्यात वीज गेली की
नारायण बागेतल्या त्यांच्या तापलेल्या खोलीत
ते तो फरशीवर पसरायचे
आणि खरंच सांगते, मफलर गुंडाळायचे.
"सांभाळून टेक गुडघे," म्हणायचे, "भिजशील."

उंचीची रेघ सबंध कागदावर एकच.
तीही रमतगमत गेलेली,
चढ शोधायला निघाली आणि वाटेत विसरली.
बाकी सगळं निळं.
तळी, तळ्यांत बेटं, बेटांत पुन्हा तळी,
आणि ती खूण:
आडवी रेघ, वर गवताच्या तीन काड्या.
हजारदा. एकाच हाताने.
मामा पाटबंधाऱ्यात ड्राफ्ट्समन होते.
भिंग सरकवत थांबले एकदा:
"हे बघ, इथे त्याचा हात दुखलाय.
काड्या दोनच."

वायव्येच्या कोपऱ्यात काहीच छापलेलं नव्हतं.
तुटक रेघ, पलीकडे कोरा कागद.
"इथवर आले आणि परतले," मामा म्हणाले.
जरा वेळाने म्हणाले, "बरं केलं."

आता मी नजूलच्या कचेरीत बसते.
माझ्या नकाशांवर कोरं काही नसतं.
खसरा दोनशे चौदा, मग बटा एक,
मग त्या एकाचेही बटा तीन,
तुकड्याला नाव, नावाला वारस,
वारसांना वकील.

परवा तळ्याकाठची एक फाइल आली.
जागेवर गेले. बूट घोट्यापर्यंत रुतले.
टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहिली,
तिचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.
बिल्डरचा माणूस रुमालाने कपाळ पुसत म्हणाला,
"मॅडम, हे पाणी टेम्पररी आहे."
जमिनीचा प्रकार: पडीत, असं मी लिहिलं.
तसंच लिहितात.

सगळे गेल्यावर, पेन्सिलीने,
दोनशे चौदाच्या पोटात
एक आडवी रेघ काढली, वर तीन काड्या.
मग अजून एक. मग शेजारी.
शिपाई किल्ल्या वाजवायला लागला,
शेवटची
दोन काड्यांचीच राहिली.

खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे. उद्या बघू.
घरी येऊन मोजे काढले,
अजून ओले होते.