रीडिंग

वडगावच्या गल्लीत माग चालू असले
की दारातच कळतं, आतला मीटर पळत असणार.
मी पिशवीतलं मशीन काढतो, आकडा घालतो,
कन्नडातलं बिल फाडून मराठीत समजावतो
आणि पुढच्या घरी जातो.
अठरा वर्षं हेच. दिवसाला दोनशे मीटर,
अंतर नव्हे, डबे.
निम्मे जिन्यावर.

गेल्या थंडीत जिने उंच झाले.

शेवंता म्हणाली, पोट बघा की जरा.
बसलिंग म्हणाला, वय झालं पर्शा,
आता दम कुठला राहतोय!
दोघांचंही ऐकलं.
तीन महिने पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली
धुक्यात चाललो, कानाला मफलर बांधून.
भाकरी दीडवर आणली.
पट्ट्याला नवं भोक पाडलं.
दम होता तिथंच.

मग एकदा शहापुरात, तिसऱ्या मजल्यावर
मी आणि बसलिंग बरोबरच पोचलो.
तो नव्वद किलोचा. लाल झालेला,
कठड्याला धरून धापा टाकत.
घरातल्या बाईंनी दोन तांबे पाणी आणलं.
तांब्या रिकामा होईस्तोवर त्याचा श्वास जागेवर,
गडी क्रिकेटवर बोलायला लागलेला.

माझं तेव्हा कुठं सुरू झालं.
बसल्यावर.
जिना संपून सात मिनिटांनी
(वेळ मला पक्की ठाऊक, बिलावर छापून येते)
छातीला कुणी ओल्या सुतळीचे वेढे द्यावेत तसं,
आणि आत खोल, दाराच्या फटीतनं
बारीक शीळ.
श्वास आत जात होता.
बाहेर पडायला कुरकुरत होता.

बाई म्हणाल्या, दमलात की हो.

त्या रात्री अंथरुणात मोजत पडलो.
दम खा. दम धर. दम देतोस काय.
एवढे दम लहानपणापासून घरात,
आणि त्यांच्याच पंगतीत एक काना जास्त घेऊन
तो बसलेला, कधीचा,
ओळख न देता.
पहाटे चारला खोकल्यानं उठवलं, रोजच्यासारखं.
चारला मी कुठला जिना चढत होतो?

डॉक्टर यरगट्टीबाईंनी पाठीला नळी लावली.
उसिर बिडरी, म्हणाल्या,
मग कागदावरचं नाव बघून, सोडा की श्वास.
दोन्ही भाषांत सोडला. शीळ एकच.
मग हातात दिला, काय सांगू, मीटरच!
प्लास्टिकची नळी, लाल काटा.
छातीभरून घ्यायचं, एका दणक्यात फुंकायचं,
काटा थांबेल तो आपला आकडा.
अठरा वर्षं लोकांचे घेतले.
माझा निघाला दोनशे नव्वद.
पंपाचे झुरके, बाकड्यावर पंधरा मिनिटं,
परत फुंकलं. तीनशे ऐंशी.
पोट आहेच तुमचं, बाई म्हणाल्या,
ते नाही म्हणू नका.
पण पोटाचा दम पंपानं जात नाही.

जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर आता माझं रीडिंग.
मागांच्या गल्लीतनं आलं की कमी.
रविवारी बरं.
पहाटे डेपोवरच्या गार धुक्यात सगळ्यात कमी,
म्हणजे तीन महिने मी जिथं बरा व्हायला जात होतो
तिथंच.
शेवंता वही चाळते, बोलत काही नाही.
ताटात भाकऱ्या परत दोन झाल्यात.

परवा येळ्ळूरचा गड चढलो.
आधी पंप घेतला, बाईंनी सांगितल्यासारखा.
वर बुरुजावर दोघंही कोसळलो,
काळीज कानात वाजतंय,
पोटऱ्या लटलट कापतायत.
मी घड्याळाकडं बघत बसलो.
सात मिनिटं. आठ.
खाली शेतांचे तुकडे, वारा, कुणाचं तरी कुत्रं.
दहा.
शीळ नाही.

काय रे, दमलास? बसलिंगनं विचारलं.
दमलो, म्हटलं.
नुसता दमलो की रे, बसलिंगा.
त्याला कळेना
हा एवढा हसायलाय कशाला.