बाटली

उद्यमनगरातल्या माझ्या शेडच्या खिडकीत
एक काचेची बाटली असते.
सरबताची होती कधीतरी.

रुकडीचे बाबगोंडा दुधाचा टेम्पो ओढून आणतात.
"पांढरा धूर, मिस्त्री. उचगावच्या पुलावर
गाडीनं गुडघंच टेकलं."

टाकीच्या तळाचा नट सोडतो,
बाटली भरून घेतो, खिडकीत ठेवतो.
"चहा घ्या. हिला बसू द्या."

तोवर नोझल टेस्टरवर.
चांगलं नोझल धुकं सोडताना करकरतं
नव्या कापशी चपलेसारखं.
हे नुसतं ठिबकतंय. टोकच उडालंय :
पाण्याचा थेंब तापल्या जागी शिरला,
वाफ झाला, जाताना दार घेऊन गेला.
प्लंजरच्या अंगावर तांबूस डाग.
केसाहून बारीक फट असते तिथं,
तेलावर सरकणारी.
पाणी कितीही स्वच्छ असलं
तरी वंगण होत नाही.

बाबगोंडा बाटलीकडं बघत नाहीत.
"बिरूला काढला परवा. चार वर्षं होता.
डेअरीसमोर किल्ली काढून घेतली.
डिझेल विकून पाणी भरतंय, दुसरं काय?
दुधातलं पाणी आमी नुसतं बघून वळखतो."

दुधात पाणी मिसळतं नि गप्प बसतं.
डिझेल तसलं नाही.
वर सोनेरी, खाली पाणी,
मधे काळी, बुळबुळीत साय.
ही साय दोन दिवसांत धरत नाही.

"ड्रम कुठं असतो?"
"परड्यात. उभा."
"वर पत्रा?"
"बूच हाय की घट्ट."

उभ्या ड्रमच्या टाळूवर पाऊस साचतो.
दिवसा तापतो, आतली हवा फुगून निघून जाते.
रात्री गार होतो, श्वास आत ओढतो,
बुचाच्या आट्यांतून, टाळूवरच्या पाण्यासकट,
घोट घोट,
सगळं गाव झोपलेलं असताना.

एवढं सांगतो. मग बिलाचं सांगतो.
ड्रम आडवा पाडा, म्हणतो.

ते फोन लावतात. रिंग मलाही ऐकू येते,
जाते, जाते, थांबते.
परत लावतात.

"ती बाटली द्या," उठताना म्हणतात,
"त्याच्या आईला दाखवतो."

मी झाकण पिळतो.
"एस्टीत हलणार. सगळं परत एक होईल.
पोचलात की टेकवा कुठंतरी,
आणि ती बसेपर्यंत
काही बोलू नका."