खांबाची सावली

रुवीत आमच्या इमारतीसमोर बसथांबा आहे.
त्याला छप्पर आहे, बाक आहे, पाटी आहे,
आणि त्याची सावली दुपारभर
मागच्या पार्किंगमध्ये पडते.
तिथे एक पांढरी लँडक्रूझर
गारव्याला पहुडलेली असते.

माणसं उभी असतात दिव्याच्या खांबाच्या सावलीत.
रुंदी वीतभर. लांबी म्हणाल तर पंधरा हात.
नऊ जण, एकामागे एक, खांदे आखडून,
सुतारानं दोरी मारून दिल्यासारखे.
सावली कलली की रांग कलते.
कुणी कुणाला सांगत नाही.

बारा वर्षं मी हे दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं
आमटीला फोडणी देता देता.
आपण काय, जातीयेती माणसं,
म्हणत पडदा ओढला.
मग एका जूनमध्ये रांगेतला शेवटचा,
ज्याच्या वाट्याला नुसतं सावलीचं टोक यायचं,
खाली बसला
आणि उठेचना.
रफीउल त्याचं नाव, हे नंतर कळलं.
वाचला, हेही नंतर.

दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन उतरले.
दोनला एक रेघ, तीनला एक, साडेतीनला एक.
शिंपी कुंजुमोननं विचारलं, रांगोळी?
म्हटलं, हिशेब.
जन्मभर कंपनीच्या वह्या लिहिल्या,
न जुळणारी बाकी मला झोपू देत नाही.
तो आत गेला, आपली टेप घेऊन आला.
महिनाभर आम्ही फुटपाथचं माप घेत होतो,
शहराला कपडे शिवायचे असल्यासारखं.

बलदियाच्या अर्जात एक रकाना होता:
नागरिक आहात का?
त्रेचाळीस जण तिथे अडलो.
सह्या मल्याळम, बंगाली, उर्दू,
आणि माझी, ठाकूरदेसाई,
आडनाव चौकटीबाहेर गेलेलं.
रकाना कोराच.

गल्लीच्या टोकाच्या उम्म खल्फान आल्या,
चष्मा पुसला, अंगठा टेकवला.
म्हणाल्या, मला अर्धंच कळलं,
त्यांची आई इथेच सिद्रखाली,
म्हणजे आपल्या बोरीखालीच की,
पाण्याचा माठ भरून ठेवायची.
पिणाऱ्याला कुणी गाव विचारत नसे.

लँडक्रूझरवाले म्हणाले, सावली दिली की माणसं बसतील.
हो, म्हणाला कुंजुमोन. त्यासाठीच.

इंजिनियर तरुण होता, मुहन्ना नावाचा.
आमचे खडूचे आकडे बघून
त्यानं नकाशा दाखवला: निवारा नियमात आहे.
नकाशात ऊन नव्हतं.
उम्म खल्फाननी त्याला दुपारी तीनला बोलावलं,
जेवायला नव्हे.

तो आला. कडक इस्त्रीची दिशदाशा.
रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, दहावा,
अर्धा खांदा उन्हात.
कुणी काही बोललं नाही.
नवव्यानं पाऊल पुढे घेतलं.
मग आठव्यानं, सातव्यानं,
खांबाला नाक टेकेपर्यंत
अख्खी रांग त्याच्यासाठी सरकली.
तो खाली बघत राहिला,
आपल्या चपलांवर आलेल्या सावलीकडे.

सरकारी काम, सहा महिने थांब;
आम्हाला अकरा लागले.
निवारा फिरवला, छप्पर दोन हात वाढवलं,
शेजारी थंड पाण्याची टाकी.
बाक अजून आखूडच आहे.
लँडक्रूझर दुसरीकडे लागते, मालक मला सलाम करत नाहीत.

रफीउलला कंपनीनं सोहारला हलवलं होतं.
त्याला मी फोटो पाठवला.
उत्तरात त्याचाही फोटो आला, एका खांबाचा.
बोटांनी मोठा करून मोजली: सहा माणसं,
शेवटचा अर्धा उन्हात.
खाली एकच शब्द: इथला.

डब्यात खडूचे दोन तुकडे उरलेत.
उम्म खल्फानना विचारलं, सोहारला तुमचं कोण?
म्हणाल्या, भाची आहे.
लाव फोन.